स्वच्छतागृहाच्या किल्लीबद्दल: कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू

विषय: दिव्यांगांसाठीचे स्वच्छतागृह कुलूपबंद ठेवण्याबाबतचे परिपत्रक

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर एक परिपत्रक लागलं. चार ओळींचं. ‘दिव्यांगांसाठी राखीव स्वच्छतागृहाचा गैरवापर होत असल्याचे निदर्शनास आल्याने सदर स्वच्छतागृह यापुढे कुलूपबंद ठेवण्यात येईल. किल्ली आवक-जावक कक्षात उपलब्ध राहील. संबंधित विद्यार्थ्यांनी ओळखपत्र व युडीआयडी कार्ड दाखवून, रजिस्टरमध्ये नोंद करून किल्ली घ्यावी व काम झाल्यावर परत करावी.’ खाली सही आणि ‘मा. कुलगुरूंच्या मान्यतेने’ असा शेरा. (युडीआयडी म्हणजे सरकारनं दिलेलं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र.)

‘संबंधित विद्यार्थी’ म्हणजे मी. मुख्य इमारतीत सध्या व्हीलचेअरवरून ये-जा करणारी मी एकटीच आहे, त्यामुळे हे परिपत्रक जवळजवळ माझ्या नावानंच निघालंय म्हणायला हरकत नाही. तरी असं उघड लिहितेय, कारण खासगीत लिहून झालं. तीन अर्ज दिले. तिन्हींवर आवक क्रमांक पडला, जावक एकाचाही नाही.

विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. राज्यातल्या दुसऱ्या एखाद्या कुलगुरूंना हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनी ते खुशाल स्वतःचं समजावं.

मी इतिहास विभागात पीएचडी करते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना दुचाकीच्या अपघातात पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालची संवेदना गेली. याचा अर्थ लोकांना चालण्यापुरताच कळतो. लघवी लागल्याचंही मला कळत नाही. दर चार-पाच तासांनी घड्याळ बघून, कॅथेटरची नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. आधी हात साबणानं धुवायचे, मग नळीचं पाकीट उघडायचं, नळी कुठंही टेकू द्यायची नाही, झालं की ती कचऱ्यात टाकायची, परत हात धुवायचे. सगळं नीट हाताशी असेल तर दहा-बारा मिनिटांचं काम. वेळ चुकली तर गळतं. वारंवार चुकली तर जंतुसंसर्ग होतो आणि पुढं मूत्रपिंडावर दाब येतो, ज्याची भीती डॉक्टर प्रत्येक भेटीत घालतात. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी पी. विद्यापीठात यायचं असेल त्या दिवशी मी सकाळी आठनंतर पाणी पीत नाही. मागच्या वर्षी दोनदा थंडी-ताप भरून सलाइन लावायची वेळ आली.

इतकं खासगी मी चारचौघांत का सांगतेय, असं आपल्याला वाटलं असेल. परिपत्रकानं ते आधीच चारचौघांत आणलंय.

आवक-जावक कक्ष तळमजल्यावरच आहे, पण पार दुसऱ्या टोकाला. किल्ली हरवू नये म्हणून तिला वीतभर लांबीचा लाकडी ठोकळा बांधलाय आणि त्यावर मार्करनं लिहिलंय, ‘अपंग संडास’. (परिपत्रकात ‘दिव्यांग’, दारावरच्या पाटीत ‘प्रसाधनगृह’, ठोकळ्यावर हे. मला विचाराल तर तिघांत ठोकळाच सरळ बोलतो. प्रसाधनगृह म्हटलं की पावडर लावायला चालल्यासारखं वाटतं.) माझे दोन्ही हात चाकांना लागतात, म्हणून ठोकळा मांडीवर ठेवून मी लांबच्या लांब व्हरांडा पार करते. ज्याला वाचता येतं त्याला मी कुठं चाललेय ते समजतं, आणि विद्यापीठात वाचता येणाऱ्यांची संख्या बरीच असते.

रजिस्टर नवीन आणलेलं नाही. अभ्यागतांचं जुनं रजिस्टर अर्धं कोरं होतं, तेच काढलंय. रकाने असे: दिनांक, नाव, कोणास भेटावयाचे, कामाचे स्वरूप, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. पहिल्या दिवशी मी आणि तिथले काका दोघंही त्या रकान्यांकडे बघत राहिलो. ‘कोणास भेटावयाचे’मध्ये त्यांनी आडवी रेघ मारली. ‘कामाचे स्वरूप’पाशी पेन थांबलं.

‘ताई, इथं काय लिहू?’ त्यांनी मान वर न करता विचारलं.

‘वैयक्तिक लिहा, काका.’

तेव्हापासून रोज ‘वैयक्तिक’. माझ्यामागं बोनाफाइड घ्यायला आलेली मुलं रांगेत असतात. एकानं एकदा खांद्यावरून वाकून ते वाचलं आणि शेजारच्याला कोपरानं ढोसलं.

दुसऱ्याच आठवड्यात काका जेवायला गेले होते. किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली त्यांच्या खिशात. मी कक्षाबाहेर अर्धा तास थांबले आणि त्या अर्ध्या तासात कपडे ओले झाले. मैत्रिणीनं स्वतःची ओढणी काढून माझ्या मांडीवर टाकली, रिक्षा बोलावली आणि रिक्षावाल्यानं विचारायच्या आधीच ‘बाटलीतलं पाणी सांडलं’ म्हणून सांगून टाकलं. काकांना मी दोष देत नाही. माणसाला जेवायला जावंच लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच हळूच विचारलं की किल्लीची एक नक्कल करून देऊ का. परिपत्रकात नक्कल बसत नाही, म्हणून मीच नको म्हटलं. त्यांच्यावर बालंट यायला नको.

मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून एक आठवण. आपल्या प्रत्येक समारंभात जोतीराव फुल्यांचं नाव घेतलं जातं. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य ठरवलेल्यांसाठी खुला केला. तिथं रजिस्टर ठेवल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही.

आता गैरवापराबद्दल. तो झाला नाही असं मी म्हणणार नाही. सिगारेटची थोटकं मीही तिथं पाहिली आहेत. पण त्याच मजल्यावर पुरुषांच्या स्वच्छतागृहात नळाच्या तोट्या चोरीला जातात, दारांवर काय काय कोरलेलं असतं ते आपल्याला कळलंच असेल. तिथं कुणी कुलूप घालून प्राध्यापकांना रजिस्टरमध्ये सही करायला लावलेली नाही. आणि ‘गैरवापर’ करणारे बाकीचे कोण होते, याची कुणी चौकशी केली का? मी त्या दारापाशी बऱ्याचदा ताटकळले आहे, म्हणून मला ठाऊक आहेत. पायाला प्लास्टर घातलेला एम.एस्सी.चा मुलगा. आठवा महिना लागलेल्या लेखा विभागातल्या ताई, ज्यांना खाली बसून उठता येत नव्हतं आणि महिलांच्या बाजूला सगळी भांडी देशी पद्धतीची आहेत. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले एक निवृत्त सर. तान्ह्या मुलाला घेऊन आलेली एक विद्यार्थिनी, जिला त्याला बदलायला कोरडी जागा हवी होती. यातला एकही गैरवापर नव्हता. सगळ्या इमारतीत धड बसता येईल असं एकच भांडं असलं की लोक तिथंच येणार.

कुलूप काढल्यानं सगळं ठीक होईल असंही नाही, कारण आत गेल्यावर काय आहे ते आपण कधी पाहिलं नसावं. मी टेप घेऊन मोजलंय. दाराची मोकळी रुंदी २६ इंच, माझी खुर्ची २४ इंच. बोटांची सालं निघतात म्हणून मी दारातून जाताना चाकं सोडते आणि चौकट धरून स्वतःला आत ओढते. निकष ९०० मिलिमीटरचा आहे, म्हणजे साधारण ३५ इंच. दारात चार बोटं उंचीचा उंबरा आहे, आतलं पाणी बाहेर येऊ नये म्हणून. पाणी खरंच बाहेर येत नाही, मीही कुणी मागून उचलल्याशिवाय आत जात नाही. दार आत उघडतं, त्यामुळे खुर्ची आत गेली की ते लागत नाही. खुर्ची पूर्ण वळायला १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते, इथं मी आत जाते तशीच उलटी बाहेर येते. म्हणजे ज्या खोलीचं कुलूप उघडायला मला सही करावी लागते, तिचं दार मला लावता येत नाही. मैत्रीण बाहेर पाठ करून उभी राहते. ती नसेल त्या दिवशी मी दुपारीच घरी जाते.

धरायचा दांडा आहे, पण भांड्यापासून लांब, दारामागच्या भिंतीवर. तिथं तो टॉवेल वाळत घालायला बरा. बेसिन बाहेरच्या व्हरांड्यात, म्हणजे नळी वापरण्याआधी हात धुवायचे ते बाहेर आणि मग त्याच हातांनी चाकं ढकलत आत यायचं. पिशवी टांगायला खुंटी नाही, पाकीट ठेवायला फळी नाही, कचऱ्याचा डबा नाही. वापरलेली नळी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरी नेते, तीन वर्षं. आरसा आहे. व्हीलचेअरवरून त्यात छताचा पंखा दिसतो.

या दांड्याचा फोटो मात्र मी दुसरीकडेही पाहिला. विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची होती तेव्हा सातव्या निकषाखाली ‘दिव्यांगस्नेही स्वच्छतागृह’ या मुद्द्यासाठी अक्षांश-रेखांशासकट जे फोटो अपलोड झाले, त्यांत तो चकाकतोय. फोटो असा काढलाय की उंबरा दिसत नाही. शेजारच्या इमारतीतल्या अशाच खोलीचाही फोटो आहे. त्या खोलीत आज मोडक्या बाकांचे पाय आणि दोरीनं बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. समिती गेली त्या आठवड्यात ते परत आत गेले. म्हणजे विद्यापीठाला काय असायला हवं हे माहीत आहे. कुणाच्या नजरेसाठी असायला हवं, एवढाच प्रश्न आहे.

माझ्या एका मित्राबद्दल लिहायचंय. त्यानं वाचून ‘लिही’ म्हटल्यावरच लिहितेय, आणि तो कोण हे कळेल असं काही लिहिणार नाही. तो ट्रान्स पुरुष आहे. विद्यापीठाच्या कागदावर मुलगी. महिलांच्या स्वच्छतागृहात गेला की आरडाओरडा होतो, पुरुषांच्या बाजूला गेला की दाराला कडी नसते आणि बाहेर हसू चालू असतं. तो आमच्याच दाराशी यायचा, कारण ती एकच खोली अशी होती जिच्यावर बाई-पुरुषाचं चित्र नव्हतं. आम्ही दोघं तिथंच ओळखीचे झालो. मी आत असले की तो बाहेर थांबायचा, तो आत असला की मी. परिपत्रकानंतर त्यानं किल्ली मागितली तेव्हा ‘तुम्हाला काय झालंय? कार्ड दाखवा’ असा प्रश्न आला, मागं रांग असताना. त्यानं ‘काही नाही’ म्हटलं आणि निघून आला. आता तो फाटकाबाहेरच्या पेट्रोल पंपावर जातो. भर पावसातही.

कुणीतरी तोंडी असंही सुचवलं की त्याच दारावर ‘दिव्यांग / तृतीयपंथी’ अशी पाटी लावून टाकू, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटतील. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण तशी पाटी लागली की त्या दारातून आत जाणारा प्रत्येक माणूस बाहेरच्यांना उत्तर देऊन आत जाईल: मी यातला, की त्यातला? माझ्या मित्रानं आपल्या मार्गदर्शकांनाही अजून सांगितलेलं नाही. त्याला मी खोली वाटून घ्यायला एका पायावर तयार आहे (हा वाक्प्रचार माझ्या तोंडी शोभत नाही, पण असू दे). मात्र इमारतीतल्या सगळ्या उरलेल्यांना एकाच खोलीत कोंबायचं आणि बाकी इमारत होती तशीच ठेवायची, हे मला पटत नाही. मला पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ तो बाहेर उभा राहणार, प्लास्टरवाला मुलगा त्याच्या मागं, आणि ताई त्यांच्या मागं.

मला स्वतःला हवी आहे ती खोली अशी: एका वेळी एकानं वापरायची, आतून कडी लागेल अशी, पुरेशी मोठी, आणि पाटीवर कुणाचंही नाव नसलेली. त्यात माझाही स्वार्थ आहे. ताप येऊन गेला की काही दिवस मला खुर्चीवरून उचलायला माणूस लागतो आणि गावाहून वडील येऊन राहतात. ते महिलांच्या स्वच्छतागृहात येऊ शकत नाहीत, मी त्यांच्याबरोबर पुरुषांच्या बाजूला जाऊ शकत नाही. बायको सोबत असलेल्या वृद्ध प्राध्यापकांची अडचण हीच, अंध मुलाला घेऊन आलेल्या आईचीही. मुलींना वाटणारी भीती मला समजते, मीही मुलगी आहे. महिलांची आजची एकही जागा कमी करू नका. ज्या खोल्यांत गठ्ठे ठेवलेत त्या रिकाम्या करा, सुरुवातीला तेवढ्या पुरतील. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सगळ्या लिंगओळखींसाठी स्वच्छतागृह काही वर्षांपूर्वीच झालं, वसतिगृहाचीही सोय झाली. तिथं आकाश कोसळलेलं नाही.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगते, पण त्या माझ्यापेक्षा कमी महत्त्वाच्या आहेत म्हणून नव्हे. त्या त्या माणसानं सविस्तर सांगाव्यात म्हणून.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या माझ्या एका वर्गमैत्रिणीला परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर तिला चार तासांचा. परीक्षेच्या मजल्यावर तिला वापरता येईल असं स्वच्छतागृह नाही आणि लिफ्ट परीक्षेच्या काळात बंद असते. तिनं तो जादा तास आजवर एकदाही पुरा वापरलेला नाही.

दृष्टिहीन मुलं दारं मोजून जातात. मागच्या दिवाळीत रंगकामानंतर नव्या पाट्या लागल्या: राखाडी दारावर चंदेरी मिशी आणि चंदेरी टिकली. ब्रेल नाही, अक्षरं नाहीत. ज्याला थोडं दिसतं त्यालाही राखाडीवर चंदेरी काय दिसणार? पाटी निवडणाऱ्याला ती मात्र फार आवडली असावी.

मुलींच्या बाजूला पॅडचं यंत्र आहे. त्यावर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलाय, तो कागदच आता पिवळा पडलाय. डबा नसल्यानं पॅड खिडकीच्या खाचेत जातात आणि ते उचलायला लागतात ते मावशींना. तीन मजल्यांना एक मावशी. कंत्राटी. हातमोजे मागितले तर ठेकेदार म्हणतो संपले. मी एकदा त्यांना विचारलं, मावशी, तुम्ही कुठं जाता? त्या म्हणाल्या, ‘आम्ही घरी गेल्यावर.’ दिवसभर सगळ्यांचं धुणाऱ्या बाईनं कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह वापरलं तर तिला हटकतात. मुंबईत ‘राइट टू पी’ या बायकांच्या स्वच्छतागृहांसाठीच्या मोहिमेच्या कार्यकर्त्यांनी २०११ पासून हेच तर विचारलं होतं, पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून पैसे का? विद्यापीठात पैसे मागत नाहीत, एवढाच फरक.

स्थावर विभागात मी गेले होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी खुर्ची देऊ केली (मी खुर्चीवरच होते, पण सवयीनं) आणि चहा मागवला. मी तो प्यायले नाही, कारण वर लिहिलंय. ते म्हणाले, ‘मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण संख्या किती? दोन-तीन विद्यार्थ्यांसाठी एवढं बांधकाम कसं मंजूर होणार?’

संख्येबद्दल एक प्रसंग. जूनमध्ये प्रवेशाची चौकशी करायला एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. स्नायूंचा आजार, व्हीलचेअर. बारावीला उत्तम गुण. वडिलांनी मला व्हरांड्यात गाठलं. अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती, वसतिगृह, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, ‘ताई, इथं पोरीची सोय होती का?’ सोय म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी खरं ते सांगितलं. तिनं मुक्त विद्यापीठात नाव घातलं, घरून शिकतेय. त्या दिवशी थोडं खोटं बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आपल्या यादीत संख्या एकानं कमी झाली, आणि पुढच्या वर्षी स्थावर विभाग मला तीच संख्या सांगेल.

कायदा आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तरी नोंदीसाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. त्याच्या कलम १६ नुसार शैक्षणिक संस्थेनं इमारत, परिसर आणि सुविधा सुगम्य ठेवायच्या आहेत. कलम ३२ नं उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव ठेवल्या. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ नं नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानंही उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेचे निकष काढले, आणि त्याच वर्षी आपल्या राज्यानं दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढून देशात पहिले म्हणून पाठ थोपटून घेतली. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे करा, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला केंद्र सरकारला सांगितलं. तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वच्छतागृहांची सोय करा, हे तर याच न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगून ठेवलंय. आणि १५ जानेवारी २०२५ ला देशातल्या सगळ्या न्यायालयांच्या आवारात पुरुष, महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी अशा सर्वांसाठी स्वच्छतागृहं करा, असा आदेश दिला. तो आदेश न्यायालयांसाठी आहे, विद्यापीठांसाठी नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्या विधी विभागात तो शिकवला जात असेल. त्या विभागाच्या इमारतीला मात्र नऊ फुटांचा रॅम्प आहे आणि चढ दोन फुटांचा. एका फुटाला बारा फूट लांबी हवी, म्हणजे चोवीस. त्या रॅम्पवरून मी एकदा मागं घसरले आहे.

माझ्या मागण्या:

१. परिपत्रक मागं घ्या. कुलूप काढा, रजिस्टर बंद करा, आणि माझ्या नोंदींची पानं माझ्यासमोर फाडा. सिगारेट पिणाऱ्यांना पकडायचं असेल तर बाहेर सुरक्षारक्षक नेमा. आत जाणाऱ्याला कार्ड विचारू नका.

२. आहे त्या खोलीत ३० दिवसांत एवढं करा: उंबरा फोडून उतार द्या, दार बाहेर उघडेल असं बसवा आणि चौकट रुंद करा, दांडे भांड्याच्या दोन्ही बाजूंना लावा, बेसिन आत घ्या, एक फळी, एक खुंटी, एक झाकणाचा डबा द्या, पडलेल्या माणसाच्या हाताला येईल इतकी खाली येणारी घंटेची दोरी सोडा. चौकट सोडली तर यातलं बहुतेक काम सुतार आणि गवंडी दोन दिवसांत करतात. मी विचारून आले आहे.

३. गठ्ठे आणि मोडके बाक ठेवलेल्या खोल्या रिकाम्या करा.

४. प्रत्येक इमारतीत तळमजल्यावर आतून कडी लागणारी, एका वेळी एकानं वापरायची निदान एक खोली असावी. पाटीवर फक्त ‘सर्वांसाठी’, मोठ्या ठळक अक्षरांत आणि ब्रेलमध्ये. महिलांची सध्याची जागा त्यासाठी घेऊ नये.

५. दिव्यांग विद्यार्थ्यांची परीक्षा तिथंच घ्या जिथं त्याच मजल्यावर त्यांना वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे. परीक्षेच्या काळात लिफ्ट चालू ठेवा.

६. सफाई करणाऱ्या मावशींना हातमोजे, आणि त्या धुतात ती स्वच्छतागृहं वापरायची लेखी मुभा.

७. सगळ्या इमारतींची सुगम्यता तपासणी करा. समितीत दिव्यांग आणि ट्रान्स विद्यार्थी हवेत, नुसते अभियंते नकोत. अहवाल संकेतस्थळावर टाका, आणि पुढच्या अर्थसंकल्पात अधिसभेपुढं यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष आणा. ‘किरकोळ दुरुस्ती’त हे घालू नका, तिथून ते परत येत नाही.

८. या पत्राला जावक क्रमांकासह लेखी उत्तर द्या.

मित्रानं आणि वर्गमैत्रिणीनं आपापली नावं लिहू नकोस म्हणून सांगितलंय, म्हणून पत्राखाली मीही माझं लिहीत नाही. आपल्याला ते हवं असेल तर पहिली मागणी पूर्ण होईपर्यंत आवक-जावक कक्षातल्या रजिस्टरमध्ये सापडेल. रोजची वेळ आणि कामाचं स्वरूपही तिथंच आहे.

आपली विद्यार्थिनी